एक घोडा की चार? गाडी हाकण्याच्या स्पर्धेतील दोन वाटा

प्रिन्स फिलिप आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष असताना या खेळाचे नियम ठरले. 1972 साली जर्मनीतल्या म्युन्स्टरला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती चार घोड्यांच्या गाड्यांची. एका घोड्याच्या गटाला मात्र जागतिक स्पर्धेसाठी 1998 पर्यंत थांबावं लागलं.

परीक्षा दोघांचीही तीच: ड्रेसाज (ठरलेल्या हालचाली डौलात करून दाखवणं), अडथळ्यांची मॅरेथॉन आणि शंकूंच्या जोड्यांमधून गाडी नेण्याची शर्यत. शंकूवरचा चेंडू पडला की 3 दंडगुण.

चौकडीचा थाट काही औरच! पुढची जोडी वळणाबाहेर पडलेली असते, तेव्हा मागची अजून वळणात शिरतेय. पारंपरिक पद्धतीत चारही लगाम डाव्या हातात, बोटांच्या बेचक्यांत. मॅरेथॉनमध्ये मागे उभे दोन सहकारी अंग झोकून गाडीचा तोल राखतात. ऑस्ट्रेलियाच्या बॉइड एक्सेलला चौकडी हाकताना पाहावं, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण चार घोडे, मोठा ट्रक, माणसं... खर्च अफाट.

एका घोड्याला लगाम दोनच, मदतनीसही एक. चूक झाकायला जोडीदार नाही, प्रत्येक पाऊल उघडं दिसतं. खेळ पसरायचा तर मला हीच वाट खरी वाटते. घरचा एक गुणी घोडा असला की सुरुवात होते.