जुनी कंटिन्युइटी परत आणावी का? आठ महिने क्रमाने वाचल्यानंतरचा अनुभव

डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाने २०११ मध्ये पाटी पुसून सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या, तेव्हापासून चाहत्यांत एकच वाद धुमसतोय: त्याआधीची कंटिन्युइटी, म्हणजे अंकांमागून अंकांत चालत आलेला पात्रांचा सलग इतिहास, परत आणावी की नाही? वाद घालणाऱ्या बहुतेकांनी दोन्ही काळ तुकड्यातुकड्यांत वाचलेले असतात. म्हणून या आठ महिन्यांत दोन्ही काळ सलग वाचले. सुरुवात डीसीचा इतिहास नव्याने मांडणाऱ्या १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’पासून, मग सुपरमॅन, टायटन्स (तरुण नायकांचा संघ) आणि फ्लॅश २०११ पर्यंत, मग न्यू ५२ (२०११ ची नवी सुरुवात), मग रीबर्थ (२०१६ पासूनची, जुन्याकडे वळणारी मांडणी). तुलनेसाठी प्रतिस्पर्धी मार्व्हलचा स्पायडर-मॅन. अर्धं वाचन जाड ओम्निबसमधून (अनेक अंकांचे एकत्र संग्रह), अर्धं डिजिटल सदस्यत्वावर.

आधी वाचण्याच्या साधनांबद्दल, कारण जुना काळ आवडतो की कंटाळवाणा वाटतो हे बरंचसं त्यावर ठरतं. डिजिटल अ‍ॅप अंक मालिकेनुसार लावतं. पण १९९१ ते २००२ या काळात सुपरमॅनच्या चार मालिका मिळून एकच गोष्ट सांगत होत्या: ‘सुपरमॅन’, ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ आणि ‘मॅन ऑफ स्टील’. एकच मालिका धरून वाचली तर चारातले तीन भाग हातून जातात. यावर उपाय मुखपृष्ठावरच आहे. त्या काळातल्या अंकांवर एक छोटा त्रिकोण असतो, त्यात वर्ष आणि क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकाप्रमाणे चला, दुसऱ्या कुठल्या यादीची गरज पडत नाही.

क्रम चुकला की काय जातं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सुपरमॅनचा मृत्यू. ‘अ‍ॅडव्हेंचर्स’ ४९७ मध्ये प्रत्येक पानावर चार पॅनेल (चित्रचौकटी), ‘अ‍ॅक्शन’ ६८४ मध्ये तीन, ‘मॅन ऑफ स्टील’ १९ मध्ये दोन आणि ‘सुपरमॅन’ ७५ मध्ये एका पानावर एकच चित्र. मारामारी जशी शेवटाकडे सरकते तशी पानं मोकळी होत जातात आणि वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. अ‍ॅपमध्ये एकेक पॅनेल मोठं करून दाखवण्याची सोय चालू ठेवली असेल, तर हा परिणाम पूर्ण मरतो. ती सोय बंद करा आणि पूर्ण पान बघा.

‘क्रायसिस’साठी उलट सल्ला: छापील हवंच असेल तर फार जाड बांधणी टाळा. जॉर्ज पेरेझने दोन पानांवर पसरलेली, डझनावारी पात्रांनी भरलेली चित्रं काढली आहेत आणि जाड पुस्तकात मधली माणसं शिवणीत बुडतात. बारा अंकांचं एकच पेपरबॅक जास्त सपाट उघडतं. वाचकांच्या पत्रांची पानं मात्र संग्रहांत आणि डिजिटलमध्ये बहुधा मिळत नाहीत. हे मोठं नुकसान आहे, कारण संपादक बऱ्याच विसंगतींची उत्तरं तिथेच देत असत.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘जुनी कंटिन्युइटी परत आणा’ म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारावा लागतो: कुठली जुनी? १९८६ ते २०११ हा एकसंध काळ आहे असं आठवणीत वाटतं. सलग वाचताना तो दर सात-आठ वर्षांनी उसवलेला आणि पुन्हा शिवलेला दिसतो.

याचं कारण साधं आहे. ‘क्रायसिस’नंतर डीसीने सगळ्या मालिका एकाच महिन्यात शून्यापासून सुरू केल्या नाहीत. १९८६ मध्ये जॉन बर्नने सहा अंकांच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅनची नव्याने मांडणी केली. क्लार्क पोरवयात कधी सुपरबॉय नव्हताच, असं ठरलं. पण लीजन ऑफ सुपर-हीरोज या भविष्यातल्या नायकसंघाची मालिका तशीच चालू होती आणि लीजनची अख्खी प्रेरणाच सुपरबॉय होता. मग १९८७ मध्ये एका छोट्या बंदिस्त विश्वाची कल्पना काढून सुपरबॉय तिथला होता, असं ठिगळ लावावं लागलं. १९९४ च्या ‘झीरो अवर’मध्ये लीजनच पुसून पुन्हा सुरू केली गेली.

डॉना ट्रॉयचे हाल तर त्याहून वाईट. पेरेझच्या १९८७ च्या वंडर वुमनमध्ये डायना जगात नुकतीच पाऊल टाकते. पण डॉना तिच्यावरून नाव घेतलेली वंडर गर्ल म्हणून कित्येक वर्षं टायटन्समध्ये होती! १९८४ मध्ये मार्व्ह वुल्फमनने तिचा जन्म शोधण्याची एक अतिशय हळवी कथा लिहिली होती. चार-पाच वर्षांत त्यालाच ‘न्यू टायटन्स’च्या ५० ते ५४ अंकांत तिचा दुसरा भूतकाळ रचावा लागला. दोन्ही कथा लागोपाठ वाचल्या तर दुसरी वाईट वाटत नाही, पण ती गरजेपोटी लिहिली आहे हे लपत नाही.

हॉकमनचं प्रकरण संपादकीय चूक म्हणूनच वाचावं. १९८९ ची तीन भागांची ‘हॉकवर्ल्ड’ मूळ कथेची नवी मांडणी म्हणून उत्तम आहे. १९९० ची मासिक मालिका मात्र तीच घटना वर्तमानात ठेवते, म्हणजे हॉकमन पृथ्वीवर नुकताच येतो. मग ‘क्रायसिस’नंतर जस्टिस लीग या नायकसंघात वावरलेला हॉकमन कोण? त्याची उत्तरं पुढे अनेक वर्षं दिली गेली आणि प्रत्येक उत्तराने गुंता वाढवला. जस्टिस लीगच्या संस्थापकांतून वंडर वुमन गेली, तिच्या जागी ब्लॅक कॅनरी आली, आणि २००५-०६ च्या ‘इन्फिनिट क्रायसिस’नंतर वंडर वुमन पुन्हा संस्थापक झाली. यातली नेमकी कुठली अवस्था परत हवी?

न्यू ५२ वर राग काढताना हे आठवावं. २०११ ला ५२ मालिका एकदम नव्याने सुरू झाल्या आणि सुपरहीरो जगासमोर येऊन फक्त पाचेक वर्षं झाली, असं धरलं गेलं. पण ग्रँट मॉरिसनची बॅटमॅनवरची आणि जेफ जॉन्सची ग्रीन लँटर्नवरची गोष्ट अर्ध्यात होती, म्हणून त्या दोघांचा भूतकाळ जवळपास तसाच राखला. परिणाम असा की पाच वर्षांत बॅटमॅनचे एकामागोमाग चार रॉबिन बसवावे लागले, त्यातला एक त्याचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा. १९८६ चीच चूक, पंचवीस वर्षांनी. तरी न्यू ५२ मधलं ‘अ‍ॅनिमल मॅन’, ‘स्वॅम्प थिंग’ आणि अझारेलो-चियांगची ‘वंडर वुमन’ आजही ताजी वाटतात. त्यांना इतिहासाची फारशी गरजच नव्हती. जिथे दोन पात्रांमधल्या जुन्या ओळखीवर गोष्ट उभी होती, तिथे मात्र पानं पोकळ लागतात. वर्षानुवर्षं फ्लॅश असलेला वॉली वेस्ट नाही, १९९६ मध्ये झालेलं क्लार्क-लोइसचं लग्न नाही, जस्टिस सोसायटी हा जुना नायकसंघ वेगळ्या पृथ्वीवर.

आठ महिन्यांत पक्कं झालेलं मत असं: चाहत्यांना ज्या गोष्टीची उणीव जाणवते ती नात्यांची आहे, तारखांची नाही. पुरावा २०१६ च्या ‘डीसी युनिव्हर्स: रीबर्थ’चा पहिला अंक. वॉली एकेकाला गाठतो, कुणीच ओळखत नाही, स्वतःची बायको लिंडासुद्धा. शेवटी बॅरीला, म्हणजे त्याच्या आधीच्या फ्लॅशला, तो आठवतो. या ऐंशी पानांना कुठल्याही कालरेषेचा तक्ता लागत नाही, आणि तरी पंचवीस वर्षांची वाचकाची ठेव तिथे परत मिळते.

सुपरमॅनच्या बाबतीत हा रस्ता अधिक नीट बांधला गेला. ‘कन्व्हर्जन्स’ या डीसीच्या महाकथेची मुख्य मालिका वगळली तरी चालेल. डॅन जर्गन्सचे ‘कन्व्हर्जन्स: सुपरमॅन’चे दोन अंक घ्या, त्यात क्लार्क-लोइसचा मुलगा जॉन याचा जन्म आहे. मग ‘सुपरमॅन: लोइस अँड क्लार्क’चे आठ अंक, मग २०१६ ची ‘सुपरमॅन’ मालिका आणि २०१७ चं चार भागांचं ‘सुपरमॅन रीबॉर्न’. त्याचा क्रम ‘सुपरमॅन’ १८, ‘अ‍ॅक्शन’ ९७५, ‘सुपरमॅन’ १९, ‘अ‍ॅक्शन’ ९७६ असा. जुना आणि नवा सुपरमॅन इथे एक होतात. पुराव्यांची जुळवाजुळव कच्ची आहे, घर मात्र पक्कं उभं राहतं.

मग तेच घर मोडलं गेलं. ‘हीरोज इन क्रायसिस’ने वॉलीला मित्रांच्या मृत्यूला जबाबदार ठरवलं आणि लहानगा जॉन एका फटक्यात किशोरवयीन झाला. रीबूट (पाटी पुसून नवी सुरुवात) न करताही आधीचं कसं वाया घालवता येतं, ते इथे दिसतं. २०२०-२१ च्या ‘डेथ मेटल’नंतर तर सगळं घडलं होतं आणि सगळ्यांना सगळं आठवतं, अशी भूमिका आली. कागदावर ही जुन्या चाहत्यांची मागणी पूर्ण झाली. वाचताना मात्र अडचण येते: कुठल्या आठवणीचा पात्राच्या आजच्या वागण्यावर भार आहे, हे क्वचितच कळतं.

मार्व्हलने असा सार्वत्रिक रीबूट केला नाही. तिथे काळ पात्रांबरोबर पुढे सरकतो. युद्धांचे संदर्भ जुने पडू लागले तेव्हा २०१९ च्या ‘हिस्टरी ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स’मध्ये सियानकाँग नावाचं काल्पनिक युद्ध आणून तो प्रश्न सोडवला. हे काम छान आहे आणि कुणाचं मन दुखावत नाही. मात्र २००७ च्या ‘वन मोअर डे’ने एकच नातं उचलून काढलं आणि बाकी सगळं जागेवर ठेवलं. १९८७ ते २००७ चे अंक आज पुन्हा वाचताना प्रत्येक पानावर पीटर (स्पायडर-मॅन) आणि मेरी जेन नवरा-बायको आहेत, पण अधिकृत इतिहासात ते लग्न झालेलंच नाही. २०१० चं स्पष्टीकरण ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ६३८ ते ६४१ मध्ये आहे. घाईत असाल तर सोडा.

ज्यांना ते लग्न परत हवंय त्यांनी २०२४ ची ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ घ्यावी. विश्व वेगळं आहे आणि पीटरला शक्ती मिळते तीच लग्न होऊन दोन मुलं झाल्यावर. एकही जुना अंक रद्द न करता हवं ते नातं पहिल्या अंकापासून मिळतं. जेवणाच्या टेबलावरच्या प्रसंगांसाठी ती मारामाऱ्यांपेक्षा सावकाश वाचा.