शनिवार-रविवारच्या मळ्याला ठिबक आणि टायमर

भोरजवळ आमचा दहा गुंठ्यांचा भाजीचा मळा आहे. पुण्याहून जाणं फक्त शनिवार-रविवारी, त्यामुळे मधल्या दिवसांत पाणी कोण देणार हाच घोर. शेवटी ठिबकच्या 16 मिमीच्या इनलाइन नळ्या (ठरावीक अंतरावर आतच ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, असलेल्या), जाळीचा फिल्टर आणि सेलवर चालणारा टायमर बसवला. मनापासून सांगते, पैसे वसूल! टोमॅटोला कधी कोरडं, कधी चिंब असं व्हायचं, फळं तडकायची. ते जवळजवळ थांबलं. वांगी तर नुसती लगडलीत.

टायमर घेताना मात्र नीट विचारा. पाणी टाकीतून नुसत्या उतारावर येत असेल तर बॉल व्हॉल्व्हचाच, म्हणजे आतला गोळा फिरवून पाणी सोडणारा, घ्या. सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकानं झडप उघडणाऱ्या, बहुतेक टायमरना दाब लागतो, तो मिळाला नाही तर ते नीट चालत नाहीत. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत, याचा मला रागच येतो. शिवाय एका ड्रिपरमधून तासाला 4 लिटर पाणी, हा नळीचा आकडा साधारण 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचा. उतारावर त्याहून कमीच पडतं, वेळ वाढवून लावा.

फिल्टरची जाळी दर खेपेला धुवा. विहिरीच्या पाण्यातलं शेवाळ तिथं हिरव्या सायीसारखं बसतं. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांना मात्र मी अजून पाटानंच पाणी देते.