वासराशिवाय रेनेट: घरच्या चीजसाठी फर्मेंटेशन कायमोसिन घ्यावं का?

बाटली लहान असते. आत फिकट पिवळसर, पाण्यासारखं पातळ द्रव. लेबलवर ‘मायक्रोबियल रेनेट’ किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असं लिहिलेलं आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. रेनेट म्हणजे दूध घट्ट बसवून त्याचं चीज करायला लागणारं एन्झाइम. घरी चीज करणारे आणि छोटे डेअरीवाले ती डोळे झाकून घेतात. पण या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांचा गुणही सारखा नाही. हे परीक्षण त्यांतल्या एकीचं, म्हणजे फर्मेंटेशन पद्धतीने तयार केलेल्या कायमोसिनचं आहे.

कायमोसिन हे मुळात दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातलं एन्झाइम. युरोपात शतकानुशतकं चीज व्हायचं ते कापलेल्या वासरांच्या जठराच्या अर्कावर. चीजचा खप वाढला तशी वासरांची जठरं पुरेनात. मग कायमोसिन कसं घडवायचं हे सांगणारं वासराचं जनुक सूक्ष्मजीवांत घालण्यात आलं. फायझर कंपनीने त्यासाठी ई. कोलाय हा जिवाणू वापरला आणि मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या कायमोसिनला मान्यता दिली. जनुकबदल केलेल्या जीवाकडून करून घेतलेला आणि तिथे अन्नात वापरायला परवानगी मिळालेला हा पहिला घटक. आज बाजारात मिळतं ते बहुतेक अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी किंवा क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस हे यीस्ट टाकीत वाढवून केलेलं असतं. बुरशी एन्झाइम बाहेर सोडते, मग बुरशी मारून गाळून टाकतात आणि शुद्ध केलेलं एन्झाइम बाटलीत भरतात. बाटलीत वासरू नसतं आणि जिवंत बुरशीही नसते. अमेरिकेतलं बहुतेक चीज आता अशाच कायमोसिनवर होतं.

दुसरी वस्तू म्हणजे रायझोम्युकर मिहेई या बुरशीचं स्वतःचं एन्झाइम. त्यात वासराचं जनुक नसतं. लेबलवर मात्र तेही ‘मायक्रोबियल रेनेट’च.

फरक कळतो तो चीज मुरल्यावर. दुधातले केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, कारण त्यांच्यावर कॅपा-केसीन या त्याच्याच एका प्रकाराचं केसाळ आवरण असतं. कायमोसिन हे केस एकाच ठिकाणी, १०५ आणि १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमधला दुवा तोडून कापतं आणि बाकी प्रथिनांना फारसा हात लावत नाही. रायझोम्युकरचं एन्झाइम इकडेतिकडेही कापत सुटतं. त्या तुकड्यांतले काही कडू असतात. आठवड्याभरात संपणाऱ्या ताज्या चीजमध्ये हा कडवटपणा जिभेला लागत नाही, पण चार-सहा महिने मुरवलेल्या चेडारमध्ये नक्की लागतो. म्हणून ताज्या चीजसाठी कायमोसिनचाच हट्ट धरायचं कारण नाही. मुरवायचं असेल तर मात्र दुसरं काही घेऊ नये. पनीर फूल ही वनस्पती आणि अंजिराचा चीक यांनीही दूध लागतं, म्हणजे दह्यासारखं घट्ट बसतं, पण त्यांचाही कल कडूपणाकडेच.

एक गैरसमज इथेच दूर करतो. आपल्या रोजच्या पनीरला यातलं काहीच लागत नाही. ते लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलेलं दूध. रेनेटने दूध फाटत नाही, लागतं. खरवसाच्या वडीसारखा एकसंध, थरथरता थर तयार होतो. मुंबईतल्या पारशी घरांतलं टोपलीतलं पनीर या दुसऱ्या जातीचं.

आता वापर. ताकद आयएमसीयू या दूध लागण्याच्या आंतरराष्ट्रीय एककात मोजतात आणि बाटली घेताना हाच आकडा आधी पाहावा. तो छापलेलाच नसेल तर बाटली परत ठेवावी, कारण माप ठरवायला दुसरा आधार नाही. एक लिटर दुधाला साधारण ३५ ते ५० आयएमसीयू लागतात. म्हणजे २०० आयएमसीयू प्रति मिली ताकदीचं द्रव लिटरला ०.२ मिली पुरतं आणि ३० मिलीची बाटली १५० लिटर दुधाला पुरते. ६०० ताकदीचं असेल तर माप एक तृतीयांश. ‘दोन थेंब, चार थेंब’ या हिशेबावर विसंबू नका, कारण ड्रॉपरगणिक थेंब बदलतो. औषधाच्या दुकानातली इन्सुलिनची सुई नसलेली नवी सिरिंज सगळ्यात सोयीची. ४० युनिटच्या सिरिंजवर ४० खुणा म्हणजे १ मिली, तेव्हा दोन लिटर दुधाला १६ खुणा. १०० युनिटच्या सिरिंजवर हेच माप ४० खुणांवर येतं, तेव्हा सिरिंजवरचा आकडा वाचूनच द्रव ओढा.

पाच लिटर गाईच्या दुधाचा हिशेब असा. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध न उकळता ३२ अंशांपर्यंत कोमट करा. गवळ्याचं कच्चं दूध असेल तर ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवून मग ३२ वर उतरवा. दोन मोठे चमचे ताजं, आंबट न झालेलं दही फेटून घाला आणि पाऊण तास झाकून ठेवा. अर्धा ग्रॅम खाद्य दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड पाव कप पाण्यात विरघळवून ओता. पिशवीतल्या दुधात ही पायरी गाळू नका. तापवणं आणि गार करणं यात वापरात येणारं कॅल्शियम कमी होतं आणि थर लेचापेचा लागतो. मग २०० ताकदीचं १ मिली कायमोसिन पाव कप उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, लगेच दुधात घाला, अर्धा मिनिट वरखाली ढवळा आणि पळीने दुधाची गती थांबवा. त्यानंतर पातेल्याला हात लावायचा नाही.

घड्याळापेक्षा वाटीची परीक्षा खात्रीची. हलकी प्लॅस्टिकची वाटी दुधावर तरंगत ठेवून मधूनमधून बोटाने फिरवा. ती फिरायची थांबली की किती मिनिटं झाली ते लिहून ठेवा. सहसा १० ते १५ होतात. चेडारसारख्या चीजसाठी या वेळेची तिप्पट झाली की कापायचं, फेटासाठी चौपट. सुरी तिरकी खुपसून उचलल्यावर चीर स्वच्छ पडली आणि फटीत हिरवट पाणी दिसलं की थर तयार. एक ते दीड सेंटिमीटरचे चौकोन कापा, पाच मिनिटं थांबा, मग अर्ध्या तासात हळूहळू ३८ अंशांपर्यंत नेत ढवळा. घट्ट चीज साधारण अर्धा किलो निघतं.

म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम दोन्ही जास्त. त्याला कॅल्शियम क्लोराइड नको, एन्झाइम पाव हिश्शाने कमी करा आणि वाटीवर नजर ठेवा, नाहीतर कापायची वेळ निघून जाते आणि चीज रबरासारखं होतं.

दूध लागलं नाही की दोष बाटलीला देतात, पण तो बहुधा दुसरीकडे असतो. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे दूध घरात आल्याबरोबर उकळायची आपली सवय. उकळल्यावर निवळीतली प्रथिनं कॅपा-केसीनला चिकटून बसतात, एन्झाइमला कापायची जागाच नीट सापडत नाही आणि सापडली तरी कण जुळत नाहीत. टेट्रापॅकमधल्या दुधाचं रडगाणं हेच, त्यावर कितीही कायमोसिन ओता. दुसरं कारण नळाचं पाणी. क्लोरिन मिनिटांत एन्झाइम निकामी करतो, म्हणून पाणी उकळून गार केलेलंच हवं. तिसरं, थंड दूध. केस कापले जातात, पण २० अंशांच्या खाली कण एकमेकांना धरतच नाहीत. चौथं कारण म्हणजे भेसळ. आंबटपणा लपवायला सोडा घातलेलं दूध लागत नाही, कारण कायमोसिनला किंचित आम्लता लागते. आणि लागलं नाही म्हणून दुप्पट एन्झाइम घालणं ही चूक तर अजिबात नको. त्याने आज थर घट्ट दिसेल, पण महिन्याभराने चीज कडू होईल.

बाटली जुनी झाल्याची शंका असेल तर २०० ताकदीचं १ मिली द्रव ९ मिली उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा आणि त्यातलं २ मिली मिश्रण ३२ अंशांच्या २०० मिली न उकळलेल्या दुधात घाला. हे माप नेहमीच्या पाचपट आहे, तेव्हा दोन-तीन मिनिटांत चमच्यावर कण दिसायला हवेत. सहा मिनिटं लागली तर ताकद निम्म्यावर आली समजा. बाटली २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवा. फ्रीझरमध्ये नको.

आता लोकांच्या मताचा प्रश्न, कारण तो याच बाटलीत आहे. सिंथेटिक बायोलॉजी, म्हणजे जनुकं बदलून सजीवांकडून हवं ते करून घेणं, म्हटलं की घरोघरी धास्ती वाटते. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेलं, जनुकबदल केलेलं बीटी वांगं ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने मान्य केलं, मग नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. ब्रिटनमध्ये १९९६ साली जनुकबदल केलेल्या टोमॅटोची प्युरी तशी ठळक अक्षरं छापून विकली गेली. आधी खपली, पण १९९९ पर्यंत मत फिरलं आणि ती दुकानांतून गेली. त्याच ब्रिटनमध्ये कायमोसिनचं चीज टिकलं. शाकाहारी लोकांनी तर ते आपलं मानलं. भारतात फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन असतं. जगात १९८२ पासून मधुमेहींना मिळणारं ते इन्सुलिनही जनुकबदल केलेल्या जिवाणूकडून किंवा यीस्टकडून करून घेतलेलंच. कपड्याच्या पावडरीतली डाग खाणारी अनेक एन्झाइम्स याच वाटेने येतात.

लोक अडाणी आहेत म्हणून असं वागतात, हे स्पष्टीकरण आम्हाला अजिबात पटत नाही. वांग्यात बदललेलं झाड शेतात उभं राहतं, त्याचे पराग उडतात आणि बियाणं दरवर्षी कुणाकडून घ्यायचं हा शेतकऱ्याच्या गळ्याशी येणारा प्रश्न उभा राहतो. कायमोसिनमध्ये बदललेली बुरशी बंद टाकीत मरते, ताटात येतं ते फक्त एन्झाइम, आणि एक वासरू वाचल्याचं ज्याला त्याला समजतं. ही तुलना करणारं गिऱ्हाईक पुरेसं शहाणं आहे.

म्हणूनच लेबलचा राग येतो. ‘मायक्रोबियल’ हा शब्द खोटा नाही, पण अर्धा आहे. जैन कुटुंबाला वासराच्या जनुकाची नक्कल चालेल की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचं, विक्रेत्याने नाही. काही जण ‘प्राणी मेला नाही, एवढं पुरे’ म्हणतील, काही जण ‘मूळ कुठलं?’ विचारतील, आणि दोघांनाही उत्तर मिळायला हवं. ‘फर्मेंटेशनने केलेलं कायमोसिन, अ‍ॅस्परजिलस नायजरपासून’ एवढं एका ओळीत मावतं. दर्जात या वस्तूला आमच्याकडून पूर्ण गुण, लेबलला निम्मेही नाहीत. घेण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचारा: एन्झाइम कायमोसिन आहे की रायझोम्युकरचं, आणि ताकद किती आयएमसीयू.

आयात चीज घेणाऱ्यांनी तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी पदार्थाची खूण, बघावा. इटलीचं अस्सल पार्मिजानो रेजियानो नियमानेच वासराच्या रेनेटवर होतं, त्यात हे कायमोसिन चालत नाही.

चीज काढून उरलेलं पाणी फेकू नका. पोळीची कणीक त्यात उत्तम भिजते, आमटीतही चालतं. फक्त त्यात एन्झाइमचा अंश जिवंत असतो. कच्च्या दुधात किंवा लस्सीत घालायचं असेल तर आधी एक उकळी आणा.