पावले मोजणारा पट्टा, केमोथेरपी चालू असलेल्या मनगटावर

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन केमोथेरपीच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्याच सुमारास मुलीने माझ्या मनगटावर पावले आणि नाडीचे ठोके मोजणारा पट्टा बांधला. त्याला आता अकरा महिने होत आले. निरोगी, धावत्या माणसांनी लिहिलेली अशा पट्ट्यांची परीक्षणे पुष्कळ सापडतात. अंथरुणातून उठून न्हाणीघरापर्यंत जाणे हाच ज्याचा दिवसभराचा व्यायाम आहे, अशा माणसाला त्याचा काय उपयोग, हे मात्र कोणी लिहिलेले दिसले नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

पहिली तक्रार उद्दिष्टाची. डबा उघडल्यापासूनच पट्टा रोज 10,000 पावले मागतो. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचा पेडोमीटर विक्रीस आला, त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होतो, आणि जाहिरातीतला तो गोल आकडा पुढे जगभर चिकटला. दुसऱ्या केमोनंतरच्या तिसऱ्या दिवशी माझी 640 पावले झाली होती, आणि मला ती एखादा गड चढून आल्यासारखी वाटत होती. रात्री पट्टा थरथरला आणि उद्दिष्टाचे जेमतेम सहा टक्के झाल्याचे त्याने कळवले. पत्नीने तो मनगटावरून काढला, खणात टाकला आणि म्हणाली, "ह्याला म्हणावं, आधी एक केमो घेऊन ये, मग बोल."

दोन दिवसांनी मुलीने अॅपमध्ये खोलवर दडलेला पर्याय शोधून उद्दिष्ट 1,500 वर आणले, तेव्हा पट्टा खणातून बाहेर आला. पुढचा हिशेब आम्ही घरीच ठरवला: मागच्या आठवड्याची सरासरी अधिक दोनशे, आणि केमोच्या आठवड्याला पूर्ण माफी. ही माफी अॅपला मात्र समजत नाही. 'आजारी आहे' असे सांगण्याची सोय त्यात नसल्यामुळे सलग दिवसांची साखळी दर केमोला तुटते आणि आपलेच काहीतरी चुकले असल्यासारखा संदेश येतो. असे संदेश मी बंद केले. झोपेचे गुणही बंद केले, कारण स्टेरॉइडमुळे रात्र जागून काढल्यावर सकाळी झोपेला 41 गुण मिळाल्याचे कळून कोणाचे भले होणार!

मोजणीबद्दल सविस्तर सांगायला हवे. पट्टा पावले मोजतो ती हाताच्या हेलकाव्यावरून. सलाइनचा स्टँड ढकलत मी वॉर्डचा लांबलचक व्हरांडा तीनदा पालथा घातला, आणि पट्ट्याने त्याची नोंद अकरा पावले अशी केली, कारण स्टँडच्या दांड्यावरचा हात हललाच नव्हता. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधामुळे माझ्या तळपायांना मुंग्या येतात, जमीन नेमकी कुठे आहे हे पायाला उशिरा कळते, म्हणून खडबडीत रस्त्यावर मी पत्नीच्या कोपराला धरून चालतो. ती पावलेही बुडतात. पाच वर्षांचा नातू बोट धरून चालतो तेव्हाही तेच. तात्पर्य, ज्यांना आधाराची गरज आहे त्यांची पावले हा पट्टा कमी धरतो. पट्टा विजारीच्या खिशात ठेवला तर मोजणी बरीच सुधारते, पण मग नाडी कळत नाही.

नाडीची नोंद स्वस्थ बसलेले असताना विश्वासार्ह वाटली. हिमोग्लोबिन उतरले होते तेव्हा ठोके वाढत, आणि अंगणातल्या संथ फेरीला अॅप 'तीव्र व्यायाम' ठरवत असे. फिजिओथेरपिस्टने त्याऐवजी गुन्नार बोर्ग यांची श्रममोजणीची पट्टी शिकवली: 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे कमाल श्रम, आणि आपण 11 ते 13 च्या आसपास राहायचे. आता फेरीच्या मध्यावर नातू थांबवून विचारतो, "आजोबा, आज किती?" आणि मी 15 म्हणालो की तोच मला बाकावर बसवतो.

पट्ट्याचे खरे मोल मला सापडले ते कुटुंबाच्या सामाईक तक्त्यात. पत्नी, मुलगी, जावई आणि मी अशा चौघांची पावले त्यात एकत्र दिसतात. क्रमवारी आम्ही लपवली आणि फक्त बेरीज ठेवली. त्याआधी घरातला प्रत्येक जण आवाज खाली आणून "कसं वाटतंय?" असे विचारत असे, आणि त्या प्रश्नाला खरे उत्तर देणे मला जड जाई. आता जावई कामावरून फोन करतो आणि "किती झाली?" एवढेच विचारतो. मी "नऊशे" म्हणतो, तो "मग उरलेली माझ्याकडे लागली" म्हणतो, आणि त्या दिवशी दोन थांबे आधी उतरून घरी चालत येतो.

मात्र पट्टा घेतला म्हणजे व्यायामाचे काम झाले, असे कोणी समजू नये. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'चॅलेंज' चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 889 रुग्ण होते. केमोथेरपी संपल्यावर तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे 80 टक्के होते, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांमध्ये ते सुमारे 74 टक्के होते. त्या फरकामागे पाठपुरावा करणारी माणसे होती. शिवाय कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितला आहे, आणि तिथे हा पट्टा आंधळा आहे: खुर्चीवरून बारा वेळा उठून बसलो, मांड्या थरथरल्या, नोंद शून्य.

किरकोळ बाबी: सिलिकॉनच्या पट्टीने त्वचेवर पुरळ उठले, म्हणून कापडी पट्टी लावली. चार्जिंग पाच दिवस टिकते. काखेतल्या लसीका ग्रंथी काढलेल्यांनी पट्टा कोणत्या हातावर बांधायचा, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

मी पाचपैकी साडेतीन तारे देतो. नातवाच्या मते दोन पुरेत, कारण त्याचे बोट धरून टाकलेली पावले हा पट्टा अजूनही धरत नाही.