प्रोटोकॉलवर आधारित व्हीलॅन: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कार्यालयातील २४ पोर्टांचा लेयर-३ स्विच (राउटिंगही करू शकणारा स्विच) आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीचे राउटिंग, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्यात पाठवणी, उत्तम करतो, नव्या आयपीव्ही६ चे मात्र करीत नाही; त्यासाठी जुना राउटर तसाच ठेवला आहे. टेबलागणिक केबल एकच असल्यामुळे दोन्ही प्रकारची वाहतूक एकाच पोर्टवरून आत येते. म्हणून फ्रेमवरील (डेटाच्या पाकिटावरील) इथरटाइप, म्हणजे आत कोणता प्रोटोकॉल आहे हे सांगणारा क्रमांक, पाहून व्हीलॅन (एकाच स्विचवरचे स्वतंत्र आभासी जाळे) ठरविण्याची, ८०२.१व्ही या मानकातील सोय वापरली: ०८०० असल्यास व्हीलॅन १०, ८६डीडी असल्यास व्हीलॅन २०.

मांडणी अर्ध्या तासात झाली, पण पुढचे दोन दिवस डोके धरून बसण्यात गेले. संगणकांना डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळत होता, तरीही गेटवेला (जाळ्याबाहेर जाण्याच्या दाराला) पिंग, म्हणजे पोच तपासणारी हाक, लागत नव्हते. शेवटी स्विचचे मॅक टेबल (कोणते यंत्र कोठे आहे याची नोंद) उघडले, तेव्हा एकाच संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) व्हीलॅन १० आणि व्हीलॅन १ अशा दोन्हींत नोंदलेला दिसला. डीएचसीपीची विनंती आयपीव्ही४ च्याच फ्रेममधून जाते, त्यामुळे ती बिनचूक पोचत होती. एआरपीचा (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणाऱ्या प्रोटोकॉलचा) इथरटाइप ०८०६ असून तो मी व्हीलॅन १० च्या नियमात घातलाच नव्हता, त्यामुळे त्या फ्रेम पोर्टच्या मूळ व्हीलॅनमध्ये पडत होत्या आणि व्हीलॅन १० मधील गेटवेपर्यंत हाक जातच नव्हती. एक ओळ वाढवताच सारे सुरळीत झाले. मॅन्युअलमधील उदाहरणात नेमकी हीच ओळ नाही, ही माझी मुख्य तक्रार.

राउटिंगने फारसा त्रास दिला नाही. व्हीलॅन १० आणि सर्व्हरांचे व्हीलॅन ३० यांना स्विचवर इंटरफेस (राउटिंगसाठी आयपी पत्ता असलेले दार) दिले, इंटरनेटच्या राउटरवर परतीचे स्थिर मार्ग लिहिले. व्हीलॅन २० चे राउटिंग जुना राउटर करतो, म्हणून त्याला मुद्दामच इंटरफेस दिला नाही.

ही सोय सुरक्षेसाठी घेऊ नये, कारण प्रत्येक संगणकापर्यंत दोन्ही व्हीलॅनचे ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून) आणि मल्टिकास्ट (गटाला उद्देशून) पोचतेच. टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) लावून आलेल्या फ्रेमना हा नियम लागू होत नाही, त्यामुळे आमचे टेबलावरचे फोन आपल्या व्हीलॅनमध्ये निर्वेध राहिले. दोन्ही प्रोटोकॉलचे राउटिंग करणारा स्विच परवडत असेल, तर या खटाटोपात पडू नये असेच मी सांगेन.

नवीन टेबल आले की त्या पोर्टला दोन्ही व्हीलॅनचे टॅगविरहित सदस्यत्व हाताने द्यावे लागते. मागच्या महिन्यात एका पोर्टवर व्हीलॅन २० चे सदस्यत्व चुकून टॅगसहित राहिले. राउटरच्या घोषणा (ज्यांवरून संगणक आयपीव्ही६ पत्ता ठरवतो) टॅगसकट पोचू लागल्या, संगणकाने त्या टाकून दिल्या आणि आयपीव्ही६ चा स्थानिक पत्ता सोडून दुसरा पत्ता उमटेचना.