मार्सेयचं सरकारी हॉस्पिटल आणि डिस्चार्जच्या दिवसाचे २० युरो

आमच्या मुतुएलने, म्हणजे सरकारी विम्याच्या वर घ्यावा लागतो त्या पूरक विम्याच्या कंपनीने, परवा अखेर २० युरो खात्यात जमा केले. कित्येक महिने मी त्यांचा पिच्छा पुरवत होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण फ्रान्समध्ये राहणाऱ्या कुणाही मराठी माणसावर ही वेळ येऊ शकते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. शिवाय ला तिमोन या मार्सेयच्या सरकारी हॉस्पिटलबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतंच.

२०२४ च्या उन्हाळ्यात एका पहाटे नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं. १५ हा इथला तातडीच्या वैद्यकीय मदतीचा नंबर फिरवला. आधी ऑपरेटर, मग थेट डॉक्टर फोनवर आले. कुठे दुखतंय, घाम आलाय का, हात जड वाटतोय का, असं विचारेपर्यंत गाडी निघालीसुद्धा होती. दारात आले ते नौदलाचे लोक. मार्सेयचं अग्निशमन दल नौदलाच्या ताब्यात आहे हे इथे राहणाऱ्यांना माहीत असतं, बाहेरच्यांना खरं वाटत नाही. २८ ऑक्टोबर १९३८ ला कानबिएर रस्त्यावरचं नुव्हेल गालरी हे मोठं दुकान जळालं, ७३ माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने शहराची आग विझवण्याचं काम नौसैनिकांकडे दिलं. आज हेच लोक आजाऱ्यांसाठीही धावतात. गाडीत डॉक्टर होते. ईसीजी आमच्या दिवाणखान्यातच काढला, आणि इमर्जन्सीत न थांबता नवऱ्याला सरळ ला तिमोनच्या अँजिओग्राफीच्या टेबलावर नेलं. स्टेंट बसला. जीव वाचला.

पैशांची पद्धत मला तिथे पहिल्यांदा नीट कळली. त्या सकाळी एकाही माणसाने पैशाचा विषय काढला नाही. डिपॉझिट नाही, कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत थांबा नाही, कुठे सही करा नाही. कार्त व्हिताल, म्हणजे सरकारी विम्याचं कार्ड, आणि मुतुएलचं कार्ड मागितलं ते दुसऱ्या दिवशी, तेही खिडकीवरच्या बाईंनी ‘आता कसे आहेत ते?’ असं विचारून. माझ्या सासऱ्यांच्या वेळी गावाकडच्या एका खासगी हॉस्पिटलात आधी पैसे भरा, मग आयसीयू, असं ऐकलेलं आहे. त्या रात्री एटीएमच्या रांगेत उभं राहिल्याचं मी विसरलेले नाही. म्हणून ला तिमोनला मी मनापासून पाच तारे देते.

रात्री नातेवाइकाने वॉर्डात थांबायचं नाही, हा इथला रिवाज पहिल्या दिवशी मला फार जड गेला. आपल्याकडे पेशंटजवळ माणूस हवंच. रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोचवायला, खालून औषध आणायला, नर्सला हाक मारायला. घरी परत जाताना ट्राममध्ये रडले. आज माझं मत वेगळं आहे. इथे नातेवाइकाने करायचं असं एकही काम नव्हतं. नमुने, औषधं, अंघोळ, जेवण, सगळं वॉर्डातली माणसंच करत होती. मला झोप मिळाली, म्हणून पुढचे आठवडे मी उभी राहू शकले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ला तिमोन ज्या सरकारी संस्थेचं आहे तिचं नाव आसिस्तांस प्युब्लिक – ओपितो द मार्सेय. पॅरिस आणि लियाँनंतर देशातली तिसरी मोठी. ला तिमोन, ला काँसेप्सियाँ, उत्तरेकडचं ओपिताल नॉर आणि दक्षिणेकडचं सँत-मार्गरित ही तिची ठिकाणं. फ्रेंच कवी रँबो १० नोव्हेंबर १८९१ ला ला काँसेप्सियाँमध्येच वारला. एडनहून पाय सुजवून तो याच बंदरात उतरला होता. २०२० साली कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देण्यामुळे गाजलेली, प्रोफेसर राऊल तेव्हा जिचे प्रमुख होते ती संस्था तिमोनच्या शेजारीच आहे. ओळखीचे लोक अजून ‘तेच का ते हॉस्पिटल?’ विचारतात. त्या औषधावरचा तो मूळ शोधनिबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, एवढं सांगून मी विषय संपवते. हृदयाच्या वॉर्डाचा त्याच्याशी संबंध नाही.

इमारती थकल्या आहेत आणि संस्था वर्षानुवर्षं कर्जात आहे, हे इथले पेपर लिहितातच. सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ मार्सेयला येऊन या हॉस्पिटलांसाठी मदत जाहीर करून गेले. चकाचक लॉबी बघायची असेल तर दुसरीकडे जा. १९५८ च्या कायद्याने इथले मोठे डॉक्टर विद्यापीठाचे प्राध्यापकही असतात, त्यामुळे सकाळच्या राउंडला पलंगाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका येतो. प्राध्यापक त्यांना समजावून सांगत होते, तेव्हा आम्हालाही आजार समजला.

आता २० युरो. फ्रान्समध्ये हॉस्पिटलात राहण्याखाण्यापोटी दर दिवसाला ठरावीक रक्कम द्यावी लागते. १९८३ मध्ये ती २० फ्रँक होती, २०१८ मध्ये २० युरो झाली, आणि आमच्या वेळी तेवढीच होती. नवऱ्याचा आजार दीर्घकालीन आजारांच्या यादीत गेला, त्यामुळे त्याच्या उपचारांचा खर्च शंभर टक्के सरकारी विम्यावर. पण ही रोजची रक्कम त्यातून वगळलेली. ती मुतुएलने द्यायची असते. आमच्या मुतुएलने दिली, फक्त डिस्चार्जचा दिवस सोडून. ‘आम्ही दिवस नाही, किती रात्री राहिले ते मोजतो’ असं त्यांचं म्हणणं. नियम मात्र स्वच्छ आहे: डिस्चार्जचा दिवसही धरला जातो, आणि नोकरीतून मिळणाऱ्या नेहमीच्या करारात मुतुएलने ही रक्कम दिवसांची मर्यादा न घालता द्यायची असते.

अशा राहिलेल्या रकमेचं बिल हॉस्पिटलकडून येत नाही, सरकारी खजिन्याकडून पोस्टाने घरी येतं. मी ते ताबडतोब भरलं, कारण खजिन्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मग पावती जोडून मुतुएलला लिहीत राहिले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तेच रात्रींचं गणित. शेवटी करारातलं कलम आणि सरकारी नियम दोन्ही एकाच पत्रात लावून रजिस्टर पोस्टाने पाठवलं, तेव्हा हलले. २० युरोंसाठी एवढं कशाला, असं नवरा म्हणाला. महिन्याच्या महिन्याला पगारातून हप्ता कापला जातो आमचा. हक्काचा एक युरोही मी सोडणार नाही.

सुरुवातीला मला ही रोजची रक्कमच अन्यायाची वाटायची. आता वाटत नाही. तीन वेळचं जेवण, धुतलेल्या चादरी, चोवीस तास नर्स, यात २० युरो कुणाला जड होऊ नयेत. पण सकाळी दहाला घरी पाठवलेल्या माणसाचा पूर्ण दिवस धरणं मला आजही पटत नाही. हा नियम बदलायला हवा.

डिस्चार्जनंतरचं: औषधाची चिठ्ठी दोन भागांत येते. वरच्या भागात हृदयाची औषधं, त्यांचे पूर्ण पैसे विमा देतो. खालच्या भागात बाकीची. डॉक्टरांनी एखादं औषध चुकून खाली लिहिलं तर तिथेच सांगा, दुकानदार बदलू शकत नाही. मार्च २०२४ पासून प्रत्येक डब्यामागे एक युरो आपल्यावर पडतो आणि तो मुतुएलही देत नाही, पण वर्षाला ५० युरोंच्या वर जात नाही. आणि पुढच्या तपासणीची वेळ घेताना ‘सरकारी कन्सल्टेशन हवं’ असं स्पष्ट सांगा. काही प्राध्यापक त्याच हॉस्पिटलात खासगी पेशंटही बघतात, आणि त्यांची जास्तीची फी शंभर टक्क्यांत बसत नाही.