तपासणीआधीच गहू बंद करायला लावला: ‘गट हेल्थ’ पॅकेजच्या नावाखाली झालेली फसवणूक

मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर ‘फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट’ आणि ‘गट हीलिंग पॅकेज’ (इंग्रजीत ‘गट’ म्हणजे आतडी) विकणारी मंडळी आता सांगली-कोल्हापूरकडेही घरोघरी पोचली आहेत. आमचे पैसे गेले, ते एक वेळ सोडून देऊ. पण या लोकांमुळे आमच्या मुलाचं खरं दुखणं सापडायला कितीतरी महिने उशीर झाला. तो उशीर नेमका कशामुळे झाला हे पोटाचा त्रास असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईबापांना कळायला हवं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पोट कायम फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. शी पातळ, चिकट आणि उग्र वासाची. जेवण बरं असूनही अंगी लागत नव्हतं आणि उंची वाढत नव्हती. लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन खालीच. जंतांचं औषध झालं, टॉनिकं झाली. अशात नात्यातल्या एका ताईंनी एका ‘चाइल्ड गट हेल्थ एक्स्पर्ट’ बाईंचा नंबर दिला. पहिला व्हिडिओ कॉल मोफत होता. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, शीचा रंगसुद्धा विचारला, आणि म्हणाल्या, “ताई, तुमच्या बाळाला लीकी गट आहे, म्हणजे आतडं गळकं झालंय. घाबरू नका, मी आहे ना.” इतका वेळ देऊन आमचं ऐकणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. हे लोक पाय रोवतात ते इथेच.

मग टेस्ट. बोटाला टोचून रक्ताचे चार थेंब एका कार्डावर घ्यायचे आणि कार्ड कुरिअरने पाठवायचं. टेस्टचे १८,५०० रुपये आणि तीन महिन्यांच्या पॅकेजचे ३२,०००. पैसे एका खासगी यूपीआय खात्यावर गेले. बिल मागितलं तर “मेलवर येईल” असं उत्तर मिळालं. ते आजतागायत आलेलं नाही.

रिपोर्ट लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगात छापलेला, चांगला जाडजूड होता. लाल रंगात गहू, दूध, दही, अंडं, तूरडाळ, शेंगदाणे, केळं, टोमॅटो. हिरव्यात क्विनोआ, ॲव्होकॅडो, ब्लूबेरी, टर्कीचं मांस. त्या दोन याद्या शेजारी ठेवून बघा. लाल यादीत आमच्या घरात रोज शिजणारे पदार्थ आहेत आणि हिरव्या यादीतलं काहीही मुलाने कधी चाखलेलं नाही. हा योगायोग नव्हता. ही टेस्ट रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजते, आणि आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध आयजीजी निरोगी माणसाच्या रक्तातही तयार होतात. तो पदार्थ पोटात जातो आहे, इतकाच त्याचा अर्थ. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही तपासणी वापरू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांचंही तेच म्हणणं आहे. वरण-भातावर वाढलेल्या मुलाच्या रिपोर्टमध्ये तूरडाळ लाल येणारच.

सगळ्या लाल वस्तू एका दिवसात बंद झाल्या. त्यांच्या जागी डब्यातल्या पावडरी आल्या. एका डब्यावर ‘किड्स गट रिपेअर’ असं चिकटवलेलं होतं. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या स्टिकरचा कोपरा सुटला आणि खाली दुसरं छापील लेबल दिसलं. ती जिममध्ये जाणाऱ्यांची ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) पावडर होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की १८ वर्षांखालच्यांसाठी नाही. वरच्या स्टिकरवर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांकही नव्हता. तुमच्या घरात असा डबा आला असेल तर आधी हा क्रमांक शोधा आणि लेबलाखाली आणखी लेबल आहे का ते बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गहू बंद झाल्यावर मुलाचं पोट खरंच थोडं उतरलं. बाई म्हणाल्या, “बघा, गट हील होतंय.” पण डाळ, दूध, अंडी, दाणे असं सगळंच बंद असल्यामुळे वजन घटत गेलं. ते सांगितल्यावर “हा डाय-ऑफ आहे, शरीरातलं विष बाहेर पडतंय, आता लेव्हल दोन घ्यावी लागेल” असं उत्तर आलं. त्या लेव्हलचे आणखी ४०,०००. मूल सुधारलं तर पॅकेजमुळे आणि खालावलं तरी पॅकेज काम करतंय म्हणूनच! असं बोलणारा माणूस कधी चुकतच नाही, म्हणून तो धोक्याचा.

शेवटी पुण्यात मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाढीचा तक्ता मागितला आणि पहिलाच प्रश्न केला: “गहू चालू आहे का?” नाही म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले. त्यांना संशय होता सिलिॲकचा. या आजारात गहू आणि जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारं आतलं अस्तर सपाट होत जातं. त्यासाठी रक्ताची टीटीजी-आयजीए ही तपासणी असते आणि तिच्यासोबत रक्तातलं एकूण आयजीएही (ही तपासणी ज्या प्रकारची प्रतिपिंडं मोजते ती) बघतात, कारण काही मुलांत आयजीएच कमी असतं आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. पण या तपासणीला मूल गहू खात असावं लागतं. गहू बंद केला की प्रतिपिंडं ओसरतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि आजाराचा पुरावाच पुसला जातो. आमच्या मुलाचा रिपोर्ट तसाच, धड इकडे ना तिकडे आला.

मग त्याला पुन्हा पोळी सुरू करावी लागली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार तपासणीआधी किमान सहा आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन पोटात जायला हवं. ज्या अन्नाने पोट दुखतं ते अन्न लेकराला समजावून, गोष्टी सांगून भरवायचं. तो पोट धरून विचारायचा, “आई, आज पोळी नको ना?” आणि मला हो म्हणता येत नव्हतं. पन्नास हजारांपेक्षा मला ते दिवस जास्त सलतात. गहू बंद करण्याआधी एक रक्ततपासणी झाली असती तर यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलं नसतं.

दुसऱ्यांदा टीटीजी बरंच वाढलेलं आलं, दुर्बीण आत घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले आणि सिलिॲकचं निदान पक्कं झालं. हे बाईंना कळवल्यावर त्यांनी लिहिलं, “म्हणजे मी गहू बंद केला ते बरोबरच होतं.” मुळीच नाही. सहा महिन्यांत ‘गट हील’ झालं की गहू परत सुरू करू, असं त्यांनी आम्हाला लेखी दिलं होतं. सिलिॲकमध्ये गहू आयुष्यभर बंद ठेवावा लागतो. आणि त्यांच्या लेव्हल दोनच्या कागदात सकाळी जवाचं पाणी आणि दुपारी सातूचं पीठ होतं. जवात ग्लुटेन असतं, आणि आपल्याकडे सातूच्या पिठात गहू घालतात!

खरा पथ्याचा कागद पुण्याच्या आहारतज्ज्ञांनी दिला आणि त्यातलं सगळं आमच्याच स्वयंपाकघरातलं होतं: भात, ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, वरण, अंडी, दाणे. बारकावे मात्र असे, जे बाईंच्या कागदात कुठेच नव्हते. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा लेबल वाचा. गिरणीत गव्हानंतर दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतोच, म्हणून दळण घरच्या चक्कीवर. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं असा एफएसएसएआयचा नियम आहे. सख्ख्या भावंडांना आणि आईवडिलांनाही हा आजार असण्याची शक्यता जास्त, म्हणून आम्हा सगळ्यांच्या रक्ताची तपासणी झाली.

प्रत्येक पोटदुखी सिलिॲक नसते. पुष्कळ मुलांना साधा बद्धकोष्ठ असतो आणि तो नीट औषधाने बरा होतो. पण वजन-उंची थांबली असेल, शीत रक्त असेल, उलटी हिरवी होत असेल, दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल किंवा लोह देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर कुठलाही डाएट सुरू करण्याआधी डॉक्टर गाठा आणि टीटीजी करायची का हे स्वतः विचारा.

तक्रारीचं म्हणाल तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी पैसे परत मागताच बाईंनी व्हॉट्सॲपवरचे मेसेज डिलीट करायला सुरुवात केली. त्यांचा डाएटचा कागद, यूपीआयच्या पावत्या, दोन लेबलांचा डबा आणि ‘गहू परत सुरू करू’ हा मेसेज माझ्याकडे आधीच काढून ठेवलेला होता, म्हणून अर्ज उभा राहिला. अशा कुणाशी तुमचा व्यवहार चालू असेल तर आजच सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि डबे फेकून देऊ नका.